नकाशात नसलेला खळगा

मित्रांनो, आकाशातला चंद्र तुम्ही नेहमी पाहता. पण त्याच्याशी गप्पा मारणे काही तुम्हाला जमायचे नाही. तो फार लांब आहे आणि त्याला तोंड नाही. तोंड मलाही नाही म्हणा, पण मी जवळ आहे. एका शाळेच्या भूगोलाच्या खोलीत, खिडकीशेजारच्या भिंतीवर मी टांगलेला आहे. मी प्लास्टरचा चंद्र आहे, दोन हात रुंद आणि उपड्या घातलेल्या परातीसारखा मधे फुगीर. मला उचलायला दोन माणसे लागतात, आणि तीही आधी एकमेकांना "तू धर, तू धर" म्हणत राहतात.

आता माझे वय झाले आहे. पण तक्रार करायचा माझा स्वभाव नाही. अंगावर खड्डेच खड्डे असणे हीच ज्याची शोभा, त्याने म्हातारपणाची काळजी का करावी? माझ्या अंगावर लहानमोठे चारशे अकरा खळगे आहेत. मुलांनी अनेकदा मोजले आहेत, म्हणून आकडा पक्का आहे. त्यांतले चारशे दहा खऱ्या चंद्राच्या नकाशात सापडतात. एक मात्र सापडत नाही. तो कसा पडला आणि अजून का बुजला नाही, ते मला तुम्हाला सांगायचे आहे.

माझा जन्म एका प्लास्टरच्या कारखान्यात झाला. कारखाना म्हणजे काय, तर बोळाच्या टोकाची एक लांबट खोली. वर पत्र्याचे छप्पर, दोन मोठ्या खिडक्या, मधोमध दगडी फरशीचे टेबल आणि भिंतींना टेकवून ठेवलेले साचे. तिथे छताच्या कडेचे कंगोरे बनत, खांबांच्या माथ्यावरची पाने बनत, दिव्याभोवती बसवायची मोठमोठी फुले बनत. तिथल्या माणसांच्या पापण्या कायम पांढऱ्या असत. मांजरही पांढरी होती. ती मुळात कोणत्या रंगाची, हे कुणालाच आठवत नव्हते.

या कारखान्यात मोठे मिस्त्री म्हणून एक गृहस्थ होते. पन्नास वर्षे त्यांनी हेच काम केले होते आणि पन्नास वर्षे त्यांचा एकच हट्ट होता, मालावर भोक राहता कामा नये. प्लास्टर कालवताना आत हवेचे बुडबुडे अडकतात. माल साच्यातून काढला की त्या जागी भोके दिसतात, कुठे टाचणीच्या डोक्याएवढी, तर कुठे वाटाण्याएवढी. बाकीचे लोक त्यावर रंग फासून मोकळे होत. मोठे मिस्त्री एकेक भोक बोटाने हुडकून बुजवत. "छताकडे कोण एवढं निरखून बघतंय?" असे एकाने त्यांना विचारले होते. तेव्हा ते म्हणाले, "आजारी माणूस बघतो. दिवसभर उताणा पडून तो दुसरं काय बघणार?"

त्यांची आणखी एक सवय होती. प्लास्टर घट्ट होत आले की नाही, हे पाहायला ते कामाच्या एका कोपऱ्यात अंगठा दाबत. अंगठ्यावर तरुणपणी पात्याने झालेल्या जखमेचा तिरका वण होता, त्यामुळे ठशात एक तिरकी रेघ उमटे. सगळे काम संपले की अगदी शेवटी तो ठसा ते स्वतः बुजवत. त्याशिवाय काम पुरे झाले असे ते म्हणत नसत.

पण मी जन्मलो तेव्हा मोठ्या मिस्त्रींची नजर अंधूक झाली होती आणि हात कापू लागले होते. कारखाना त्यांच्या मुलीने हाती घेतला होता. तिला सगळे धाकट्या मिस्त्री म्हणत. बाई कामाला वाघ होती आणि बापावर तिचा फार जीव होता. म्हणूनच एक दिवस ती म्हणाली, "अण्णा, खूप केलंत. आता नुसतं बसा." ती मायेने बोलली, पण म्हाताऱ्याला ते लागले. त्यांनी कामाचा एप्रन खुंटीला टांगला आणि ते दाराजवळच्या स्टुलावर बसू लागले. दोन वर्षे ते तिथे नुसते बसून होते. कुणी तयार माल जवळून नेला की त्यावरून ते हळूच हात फिरवून घेत. हात फिरवताना त्यांचा चेहरा कसा होई, ते तिथल्या साच्यांनी मला सांगितले आहे. आपल्या हातांचा आता कुणाला उपयोग नाही, ही गोष्ट त्यांनी मनाला लावून घेतली होती.

अशात एका सकाळी शाळेतल्या भूगोलाच्या बाई आल्या. भाजीवालीकडे मेथीची जुडी मागावी तशा त्या म्हणाल्या, "मला चंद्र हवाय."

धाकट्या मिस्त्रींनी हात पुसले. "केवढा?"

"भिंतीवर मावेल एवढा. सोमवारी शाळेत भूगोलाची नवी खोली सुरू होतेय. चित्रातला चंद्र बघून मुलं म्हणतात, त्यावर डाग पडलेत. ते डाग नाहीत हो, ती जमीन आहे. हे त्यांच्या हाताला कळलं पाहिजे."

बाईंनी दोन मोठे फोटो आणले होते, एक पूर्ण चंद्राचा आणि एक अर्ध्या चंद्राचा. पूर्ण चंद्राच्या फोटोत नुसतेच काळे-पांढरे पट्टे होते. अर्ध्या चंद्राच्या फोटोत मात्र उजेड बाजूने पडला होता, आणि उजेड-अंधाराच्या सीमेवर प्रत्येक खळग्याची सावली कशी कोरून काढल्यासारखी दिसत होती. तो फोटो पाहून धाकट्या मिस्त्री म्हणाल्या, "अगं बाई, याला देवी आल्या होत्या की काय!"

हे सगळे चालले होते तेव्हा मोठे मिस्त्री न्हाव्याकडे गेले होते. परत आल्यावर मुलीने त्यांना एवढेच सांगितले, "शाळेचं एक काम आलंय." काय काम, ते तिने सांगितले नाही आणि त्यांनीही विचारले नाही. पुढचे सगळे रामायण या न सांगण्यातून घडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला ओतले. आधी काथ्या आणि गोणपाट घालून माझी पाठ भक्कम केली. माझी पाठ तुम्ही कधी पाहणार नाही, कारण ती भिंतीकडे असते. खऱ्या चंद्राचीही पाठ पृथ्वीवरून कधी दिसत नाही, तेव्हा या बाबतीत आम्ही दोघे सारखेच. मग पुढच्या बाजूला ओल्या प्लास्टरचा जाड थर दिला, आणि बाईंनी पर्समधून काचेच्या गोट्या व लोखंडी छर्रे काढले.

"आता हे वरून टाकायचे," त्या म्हणाल्या. "चंद्रावरचे खळगे असेच झालेत. आकाशातून दगड येऊन आपटले. काही घराएवढे, काही अख्ख्या शहराएवढे."

"पण सगळे खळगे गोल कसे? तिरका दगड आला तर लांबट खड्डा पडायला हवा."

बाई एकदम खूश झाल्या. आपल्याला हवा तो प्रश्न कुणी विचारला की शिक्षकांची कळी खुलते. "दगड इतक्या वेगाने येतो की आपटताच स्फोट होतो. स्फोट चारही बाजूंना सारखाच फाकतो. म्हणून दगड तिरका आला तरी खळगा बहुतेक गोलच पडतो. आणि मोठ्या खळग्यात तर मधली जमीन उसळून वर येते आणि तिथेच डोंगर होऊन बसते."

"बादलीत थेंब पडला की मधलं पाणी उडी मारतं, तसं?"

"अगदी तसं. फक्त पाणी परत खाली जातं, हा डोंगर तिथेच राहतो."

मग काय विचारता! दोघी प्रौढ बायका, पण गोट्या टाकताना शाळकरी पोरींसारख्या खिदळत होत्या. माझ्या अंगावर टपाटप खळगे पडत होते. मला दुखत नव्हते, उलट आपण आता कुणीतरी होत आहोत असे वाटत होते. फोटोत जिथे मोठे काळे भाग होते तिथे धाकट्या मिस्त्रींनी उथळ वाट्या कोरल्या आणि त्यांतही गोट्या टाकून घेतल्या. काळेपणासाठी नंतर काळा रंग फासायचा, असा त्यांचा बेत होता. बाई मधेच तासाला निघून गेल्या, त्यामुळे हा बेत त्यांच्या कानावर गेला नाही.

दोन दिवस मला वाळत ठेवून धाकट्या मिस्त्री एका नाट्यगृहात कंगोरे बसवायला गेल्या. जाताना त्यांनी माझ्यावर चादर टाकली.

पहिल्या दुपारी मोठे मिस्त्री स्टुलावरून उठले. सवयीने त्यांनी चादरीखाली हात घातला, माझ्या अंगावरून बोटे फिरवली, आणि चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

"अरे देवा!" ते पुटपुटले. "भोकंच भोकं!"

मित्रांनो, त्यांच्या जागी तुम्ही उभे राहून पाहा. डोळ्यांना नीट दिसत नाही. हातांना पन्नास वर्षे एकच गोष्ट कळते, की भोक म्हणजे चूक. आणि पुढ्यात मुलीच्या हातचे असे काम, ज्यात बोट ठेवावे तिथे भोक! त्यांना वाटले, पोरीने घाईत कालवले, बुडबुडे राहिले, आणि तसाच माल टाकून ती दुसऱ्या कामाला पळाली. सोमवारी हे शाळेत गेले की लोक नावे ठेवणार. मुलीची अब्रू वाचवायला हवी, आणि तिला न दुखावता वाचवायला हवी. त्यांनी खुंटीवरचा एप्रन काढला, झटकला आणि कमरेला बांधला.

त्यांनी कोपऱ्यातली एक पिशवी ओढली आणि घमेल्यात थोडे प्लास्टर कालवले. ती पिशवी दगडी रंगाच्या कामासाठी काजळी मिसळून ठेवलेली होती, पण करडे आणि पांढरे यांतला फरक आता त्यांच्या डोळ्यांना कळत नव्हता. सर्वांत मोठी भोके म्हणजे सर्वांत मोठी नाचक्की, म्हणून आधी त्यांनी मोठ्या वाट्या भरायला घेतल्या. वरच्या डाव्या अंगाची भरली, तिच्याखालची लांबलचक भरली, मग उजवीकडच्या दोन भरल्या. भरून पात्याने अशा सपाट केल्या की त्यांवर पाण्याचा थेंब कुठेही कलंडला नसता. एक गोष्ट मी शपथेवर सांगतो. त्यांचे हात हवेत कापत होते, पण माझ्यावर टेकले की कापत नव्हते. मला त्या दुपारभर तो हात हवाहवासा वाटला. ते मधूनमधून गुणगुणत होते, आणि साचे म्हणाले की दोन वर्षांत त्यांनी हे ऐकले नव्हते.

दुसऱ्या दुपारीही तेच चालले. शनिवारी सकाळी धाकट्या मिस्त्री आणि बाई बरोबरच दारात आल्या, तेव्हा माझा खालचा भाग तेवढा राहिला होता.

"ये पोरी," मोठे मिस्त्री हसून म्हणाले. "काही बोलू नकोस, चुका सगळ्यांच्या होतात. वरचं एकही भोक ठेवलेलं नाही. खालचं राहिलंय ते जेवून करतो."

धाकट्या मिस्त्रींनी कपाळाला हात लावला. त्या दोन दिवस शिडीवर उभ्या राहून दमलेल्या होत्या, आणि तोंडातून निघायचे ते निघून गेले. "अण्णा, काय करून ठेवलंत हे! ती भोकं नव्हती, ते खड्डेच तर हवे होते! चंद्र आहे हा, चंद्र! चंद्राची हजामत करून ठेवलीत तुम्ही!"

मोठ्या मिस्त्रींनी एकदा माझ्याकडे पाहिले, एकदा मुलीच्या आवाजाच्या दिशेने पाहिले. एप्रनची गाठ सुटेना, तरी त्यांनी ती सोडली, त्याची घडी घातली आणि ती टेबलावर ठेवली. त्यांनी तो खुंटीला टांगला नाही, हे मी पाहिले.

"बरोबर आहे तुझं," ते म्हणाले. "हा एप्रन कुणाला तरी देऊन टाक. मी आता परत कशाला हात लावणार नाही."

धाकट्या मिस्त्रींना आपण काय बोलून बसलो ते तेव्हा कळले. पण तोंडातून गेलेला शब्द काही साच्यातल्या मालासारखा मोडून परत ओतता येत नाही. त्यांच्या पांढऱ्या पापण्या ओल्या झाल्या.

बाई मात्र माझ्याभोवती एक फेरी मारून आल्या. मग त्यांनी पर्समधून पूर्ण चंद्राचा फोटो काढून माझ्या शेजारी धरला, एकदा तिकडे पाहिले, एकदा इकडे पाहिले. "ताई, हे टेबल जरा खिडकीकडे फिरवू या," त्या म्हणाल्या. टेबल फिरवले. बाजूने उजेड आला. खालच्या भागातले खळगे सावल्या टाकत उठून दिसू लागले आणि वरचे करडे भाग गुळगुळीत, शांत पसरलेले दिसले.

"मिस्त्रीकाका," बाई म्हणाल्या, "हे तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

"काय?"

"मोठ्या वाट्याच आधी भरायच्या, तेही करड्या मालाने, आणि खालचा भाग तसाच सोडायचा."

"कुणी नाही. मोठी भोकं आधी, ही रीतच आहे. आणि करडा कुठला? पांढरा आहे की."

"ताई, तुम्ही या वाट्यांचं काय करणार होतात?"

"काळा रंग फासणार होते," धाकट्या मिस्त्री हळूच म्हणाल्या. "खड्ड्यांवरूनच."

"मग चंद्र चुकला असता," बाई म्हणाल्या. "ऐका दोघंही. चंद्र जन्मला तेव्हा वितळलेला होता. दुधावर साय धरते तसा हलका, फिकट दगड वर आला आणि थिजला. तीच ही फिकट जमीन. मग तिच्यावर दगड पडत राहिले. काही इतके प्रचंड होते की शेकडो मैलांच्या वाट्या झाल्या. नंतर, साधारण तीनशे-साडेतीनशे कोटी वर्षांपूर्वी, आतला वितळलेला काळा दगड भेगांमधून वर आला आणि त्याने त्या वाट्या हळूहळू भरून काढल्या. आतले जुने खळगे बुजले आणि सपाट मैदानं झाली. पूर्वीच्या लोकांना ते पाणी वाटलं, म्हणून त्यांनी त्यांना समुद्र म्हटलं. आपल्याला चंद्रावर जो काळा ससा दिसतो, तो म्हणजे ही भरलेली मैदानं. मिस्त्रीकाका, चंद्राने जे केलं, तेच तुम्ही केलंत, आणि त्याच क्रमाने केलंत. त्याला कोट्यवधी वर्षं लागली, तुम्हाला दोन दुपारी."

मोठे मिस्त्री मान तिरकी करून ऐकत होते. "बाई, तुम्ही म्हाताऱ्याचं मन राखायला बोलताय."

"मी? मी पेपरात अर्धा गुणसुद्धा फुकट देत नाही, शाळेत कुणालाही विचारा. आणि चुका झाल्या आहेतच. इथे डावीकडे खाली तुम्ही जमिनीवरचे पाच खळगे बुजवलेत, ते परत कोरावे लागतील. पण ही मैदानं अशी सपाट दुसऱ्या कुणाला जमली नसती. हे बघा, इथे एका खळग्याची कड भरलेल्या मालातून अर्धी वर राहिली आहे. तुमच्या हातून ती निसटली असेल. खऱ्या चंद्रावरही असे अर्धे बुडलेले खळगे आहेत."

"कुठे निसटली?" मोठे मिस्त्री ताडकन पुढे आले. त्यांची बोटे ती कड शोधू लागली. सापडल्यावर त्यांना हायसे वाटलेले दिसले. मग ते म्हणाले, "म्हणजे चंद्राने स्वतःची मोठी भोकं बुजवली?"

"हो."

"आणि बारकी तशीच ठेवली?"

"हो. तिथे वारा नाही, पाणी नाही, त्यामुळे पडलेली खूण सहजासहजी पुसलीच जात नाही."

"मग अर्धवट कारागीर आहे तुमचा चंद्र," मोठे मिस्त्री म्हणाले.

आधी बाई हसल्या, मग धाकट्या मिस्त्री रडता रडता हसल्या. त्यांनी टेबलावरची एप्रनची घडी उचलली, उलगडली, आणि वडिलांच्या मागे उभ्या राहून स्वतः तो एप्रन त्यांच्या कमरेला बांधला. "अण्णा," त्या म्हणाल्या, "मी तुम्हाला नुसतं बसवलं, ती माझी चूक होती. असलं सपाट काम मला अजून येत नाही. शिकवा."

त्या दिवशी तिघांनी मिळून मला पुरे केले. मैदाने वयाने लहान, म्हणून त्यांवर खळगे मोजकेच पाडायचे, हे बाईंनी सांगितले. डावीकडच्या मैदानात एक ठसठशीत खळगा कोरला. खाली दक्षिणेला आणखी एक केला, तो खरा दहा-अकरा कोटी वर्षांचा, म्हणजे चंद्राच्या वयाच्या मानाने काल-परवाचा. तिथे दगड आपटला तेव्हा पांढरा चुरा लांब लांब उडाला होता, आणि त्याचे पट्टे आजही दिसतात. ते पट्टे मोठ्या मिस्त्रींनी काढले. ओला कुंचला त्यांनी खळग्याच्या मधून बाहेरच्या दिशेने असा झटकला की पांढरे शिंतोडे मैदानापर्यंत गेले. कापणारा हात त्या कामाला अगदी चपखल बसला.

शेवटी त्यांनी डावीकडच्या मैदानाच्या एका कडेला, नुकत्याच भरलेल्या मालावर अंगठा दाबून पाहिला. माल धरला होता. ते ठसा बुजवायला पाते उचलणार, तेवढ्यात मुलीने त्यांचे मनगट धरले.

"तो राहू द्या, अण्णा."

"काम अपुरं राहील."

"राहू दे."

मग त्यांनी पाते खाली ठेवले. त्यांच्या सगळ्या कामांपैकी त्यांची खूण फक्त माझ्या अंगावर आहे.

सोमवारी मी शाळेत गेलो. पालक आले, पाहुणे आले. एका चिमुरडीने मोठ्या मिस्त्रींना विचारले, "आजोबा, हे समुद्र तुम्ही केलेत?" ते म्हणाले, "मी फक्त बुजवले. खड्डे पाडणारे दुसरे." त्यानंतर सहा वर्षे ते रोज कारखान्यात काम करत होते. शेवटची सपाटी त्यांच्या हाताखालून गेल्याशिवाय कोणताही माल बाहेर पडत नसे. एका थंडीत ते शांतपणे गेले. बाईंनी ती बातमी मला कुणी नसताना, मधल्या सुट्टीत सांगितली.

माझी शाळेतली वर्षे फार सुखाची होती. बाई खिडक्या लावून घेत आणि माझ्यासमोर दिवा धरत. समोरून उजेड पडला की माझे सगळे खळगे गायब होत आणि मुले ओरडत, "पौर्णिमा!" मग त्या दिवा बाजूला नेत, सावल्या लांबत, आणि एकेक खळगा दिसू लागे. दुर्बिणीतून खळगे पाहायचे तर पूर्ण चंद्रापेक्षा अर्धा चंद्र बरा, हे माझ्या मुलांना पाठ करावे लागले नाही. मग सगळ्यांचे हात माझ्यावरून फिरत. फिकट जमीन खडबडीत, करडी मैदाने गुळगुळीत. नकाशाशी खळगे जुळवताना दरवर्षी कुणीतरी विचारीच, "बाई, हा एक नकाशात का नाही?" बाई हातातले काम बाजूला ठेवून अथपासून इतिपर्यंत गोष्ट सांगत. तो तास कधी वाया गेला असे मला वाटले नाही.

पुढे बाई निवृत्त झाल्या. माझ्यासमोर पांढरा पडदा आला आणि त्यावर प्रोजेक्टरचा उजेड पडू लागला. त्या उजेडातला चंद्र माझ्यापेक्षा फार देखणा होता, फिरतही होता. मी पडद्याआड गेलो, मग कपाटामागे गेलो. कुणाच्या तरी झाडूचा दांडा लागून माझा कडेचा टवका उडाला. माझ्या उजवीकडच्या मैदानात, ज्याला शांततेचा समुद्र म्हणतात, एकाने च्युइंगगम चिकटवले. वाईट वाटले, पण फार नाही. खरा चंद्र कोट्यवधी वर्षे मार खाऊन उगवतोच आहे, आणि मला तर नुसते च्युइंगगम लागले होते.

गेल्या वर्षी भूगोलाचे नवे सर प्लगची जागा शोधत कपाटामागे वाकले, आणि त्यांचा हात माझ्यावर पडला. मग त्यांनी प्लग शोधलाच नाही. मला बाहेर काढून त्यांनी पुसले, बाजूने दिवा धरला, आणि तासभर ते माझ्यापुढे नकाशा घेऊन बसले. दुसऱ्या दिवशी मला त्याच बोळातल्या त्याच कारखान्यात दुरुस्तीला पाठवले. सोबत एक कागद होता. कडेचा टवका भरणे. चिकटलेले काढणे. आणि तिसऱ्या ओळीत स्वच्छ अक्षरात लिहिले होते: डावीकडच्या मैदानातला नकाशात नसलेला खळगा बुजवणे.

सर बिचारे चुकीचे काही लिहीत नव्हते. त्यांना चंद्र खरा हवा होता, एवढेच. पण माझा जीव टांगणीला लागला.

धाकट्या मिस्त्री आता सत्तरीच्या होत्या. केस प्लास्टरने पांढरे होते की वयाने, हे सांगणे अवघड होते. त्यांनी चष्मा लावून कागद वाचला. टवका भरला. च्युइंगगम काढताना अख्ख्या मानवजातीचा उद्धार केला. मग वाटीत चमचाभर करडे प्लास्टर कालवले आणि पात्याच्या टोकावर घेतले. गिऱ्हाइकाने लिहून दिलेले काम करायचे, ही त्यांची रीत होती. त्यांनी डाव्या हाताने खळगा चाचपला, आणि त्यांचे बोट त्या तिरक्या रेघेवर थांबले. मीही थांबलो. मला दुसरे काही करता येतच नाही, पण तेव्हा जास्तच थांबलो.

वाटीतले प्लास्टर तिथेच थिजून गेले. त्यांनी ती वाटी उपडी करून टाकून दिली.

संध्याकाळी सर मला न्यायला आले. त्यांनी टेबलावरचा तो कागद उचलून ताडून पाहिले. "मिस्त्री, एक राहिला की हो."

"तो होणार नाही."

"का? अवघड आहे?"

"तो बुजवायचा हक्क ज्यांचा होता, त्यांचाच हात मी धरला होता," त्या म्हणाल्या. "अंगठा लावून बघा."

सरांनी आपला अंगठा खळग्यात ठेवला. तो आत सैल राहिला. "केवढा मोठा हात होता!" ते म्हणाले.

"हो," धाकट्या मिस्त्री म्हणाल्या. "फार मोठा होता." आणि मग स्टूल पुढे ओढून त्यांनी सरांना बसवले, आणि पहिल्यापासून सुरुवात केली. सरांनी तो कागद खिशात ठेवला. त्यातली तिसरी ओळ त्यांनी खोडलेली मी नंतर पाहिली.

मित्रांनो, म्हणून मी आज पुन्हा खिडकीशेजारी आहे. तुमच्याकडे माझे मागणे थोडे आहे. मला ओल्या फडक्याने पुसू नका, कोरडे आणि मऊ घ्या. माझ्यात च्युइंगगम चिकटवू नका. आणि कुठेही, कुणाच्याही अंगावर, घरावर किंवा मनावर एखादा खळगा दिसला, तर लगेच बुजवायला धावू नका. आधी विचारा, हा कशाने पडला? काही बुजवायचे असतात आणि काही जपायचे असतात, पण विचारल्याशिवाय ते कळत नाही.

हल्ली तास संपला की मुले रांगेने येऊन त्या चारशे अकराव्या खळग्यात आपला अंगठा ठेवून पाहतात. अजून कुणाचाच नीट बसलेला नाही. मुले लहान आहेत, आणि मला कसलीच घाई नाही.